करमणुकीचा परवाना

लोक करमणुकीत रमले की राजकारणाच्या वाटेला जात नाहीत, असे गेओर्ग कार्स्टेन्सेनने डेन्मार्कच्या राजाला पटवले आणि त्या बोलावर कोपनहेगनच्या वेशीबाहेरची जागा पदरात पाडून घेतली, अशी टिव्होली उद्यानाची जन्मकथा सांगतात. तो नेमक्या कोणत्या शब्दांत बोलला याला फारसे महत्त्व नाही. त्याने राजाची नस अचूक पकडली होती, हे मात्र खरे.

डेन्मार्कमध्ये १६६० पासून राजाची अनिर्बंध सत्ता होती. १८३९ साली गादीवर आलेल्या ख्रिश्चन आठव्याकडून मात्र लोकांच्या वेगळ्या अपेक्षा होत्या. तरुणपणी, १८१४ साली, तो काही महिने नॉर्वेचा राजा होता आणि नॉर्वेच्या उदार राज्यघटनेला त्यानेच मान्यता दिली होती. तेव्हा नॉर्वेजियनांना जे दिले ते आपल्यालाही देईल, अशी आशा कोपनहेगनमधल्या सुशिक्षितांनी धरली. ती फळाला आली नाही. वृत्तपत्रांवरचा पहारा तसाच राहिला, संपादकांवर खटले भरले जात राहिले आणि शहरात कुरबुर वाढत गेली. अशा वेळी कुणी येऊन सांगितले की संध्याकाळी लोकांना संगीत, रोषणाई आणि घसरगाडी द्या, मग सभा-अर्जांचा नाद ते आपोआप सोडतील, तर कोणत्या राजाला ते ऐकावेसे वाटणार नाही?

मला टिव्होलीचा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो या युक्तिवादासाठी. जगातल्या बहुतेक राज्यकर्त्यांनी तो कधी ना कधी मनात धरला आहे. इथे तो एका ठरावीक जागेवर, एका परवान्याच्या रूपाने मांडला गेला आणि पुढची शंभर वर्षे त्याची कसोटी लागत राहिली.

कार्स्टेन्सेनचा जन्म १८१२ सालचा, अल्जीयर्सचा. वडील तिथे डेन्मार्कच्या वकिलातीत होते. पोराने पुढे सैन्यात काही काळ काढला, पुष्कळ भटकंती केली आणि कोपनहेगनला येऊन मासिके काढली. मासिकांचे वर्गणीदार वाढावेत म्हणून तो त्यांच्यासाठी राजवाड्याच्या बागेत संगीताचे आणि रोषणाईचे जलसे भरवू लागला. जलशांना मासिकांपेक्षा जास्त गर्दी होते हे त्याच्या लवकरच लक्षात आले. पॅरिसमध्ये टिव्होली आणि लंडनमध्ये व्हॉक्सहॉल अशा नावांच्या करमणुकीच्या बागा होत्या. तसे काही आपल्या शहरात का नसावे, या विचाराने त्याला घेरले. त्याने भागधारक जमवले, आराखडे काढले आणि नावही दोन्हींवरून ठेवले, ‘टिव्होली आणि व्हॉक्सहॉल’. मागचे अर्धे काळाच्या ओघात गळून पडले.

जागेचा प्रश्न बिकट होता. त्या वेळचे कोपनहेगन तटबंदीच्या आत कोंबलेले होते. मातीचे उंच तट, बाहेर पाण्याचा खंदक आणि चार मोठ्या वेशी. सव्वा लाखाच्या आसपास माणसे या कड्यात राहत होती. घरांवर मजले चढत होते, अंगणांत घरे उठत होती, पण तटाबाहेर पक्के बांधायला मनाई होती. शत्रू चालून आला तर तोफांच्या माऱ्याला समोर मोकळे मैदान हवे, हा लष्कराचा नियम. १८०७ साली इंग्रजांनी शहरावर तीन रात्री तोफगोळे डागले होते. त्याची आठवण असलेली माणसे अजून हयात होती, त्यामुळे लष्कर त्या नियमाला घट्ट धरून होते.

राजाने कार्स्टेन्सेनला पश्चिमेच्या वेशीबाहेरचा, खंदकाला लागून असलेला लष्कराचा तुकडा दिला, तोही पाच वर्षांच्या परवान्यावर. युद्ध उभे राहिले तर झटपट पाडता येईल अशा हलक्या लाकडी इमारतीच तिथे चालणार होत्या. म्हणजे उद्यान जन्मापासून तात्पुरते होते. आज टिव्होलीत होड्या, कारंजी आणि दिव्यांची प्रतिबिंबे असलेले जे तळे दिसते, तो त्या जुन्या खंदकाचाच उरलेला भाग आहे. त्याच्या काठाची वाकडीतिकडी रेषा पाहिली की बुरूज कसा होता याचा अंदाज बांधता येतो.

१५ ऑगस्ट १८४३ रोजी फाटक उघडले. भारतीय वाचकाला ही तारीख सहज लक्षात राहील. आत काय होते? एक घसरगाडी, घोड्यांचा फिरता पाळणा, नाट्यगृह, संगीताचा मंडप, पौर्वात्य धाटणीचा बाजार, खाण्यापिण्याची दुकाने, फुलझाडे आणि अंधार पडला की रंगीत काचांचे दिवे नि दारूकाम. यातले नवे थोडेच होते. शहराच्या उत्तरेला रानात ‘बाकन’ नावाची जत्रा १५८३ पासून भरत आली होती, तिथे विदूषक आणि दारूचे गुत्ते पूर्वीपासून होते. बड्या घरांतल्या लोकांसाठी नाटके आणि मेजवान्या होत्याच. टिव्होलीचे वेगळेपण असे की इथे सगळ्यांना एकाच फाटकातून यावे लागे. तिकीट काढले की दरबारी गृहस्थ, त्याचा शिंपी आणि शिंप्याकडे उमेदवारी करणारा पोरगा एकाच वाटेवरून फिरत, एकच वाद्यवृंद ऐकत. ज्या शहरात कोणी कोणाला आधी टोपी काढून अभिवादन करायचे याचे नियम काटेकोर होते, तिथे ही गोष्ट लहान नव्हती. पहिल्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच्या दोनेक महिन्यांत, पावणेदोन लाखांच्या आसपास लोक येऊन गेले. शहराच्या लोकसंख्येपेक्षा हा आकडा मोठा होता.

त्या पहिल्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, हान्स ख्रिश्चन अँडरसन टिव्होलीत आला होता. चिनी कंदील, कमानी, मंडप हे सगळे पाहून घरी गेला आणि त्याच दिवशी त्याने आपली चिनी कथा लिहायला घेतली, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. ही कथा म्हणजे ‘नाइटिंगेल’. चीनच्या बादशहाला खऱ्या पक्ष्याचे गाणे आवडते, मग रत्नजडित यांत्रिक पक्षी येतो आणि खरा विसरला जातो. स्वीडिश गायिका जेनी लिंड तेव्हा कोपनहेगनमध्ये गाऊन गेली होती आणि अँडरसन तिच्यावर जीव टाकत होता, त्याचाही या कथेत मोठा वाटा आहे. तरी चाव्या आणि चाके असलेल्या करमणुकीच्या बागेतून परतताना त्याला यांत्रिक पक्षी सुचला, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

याच राजाच्या कारकिर्दीशी आपलाही एक धागा आहे. टिव्होली उघडल्यावर दोन वर्षांनी, १८४५ साली, ख्रिश्चन आठव्याने हिंदुस्थानातल्या डॅनिश वसाहती, तमिळ किनाऱ्यावरचे तरंगंबाडी आणि बंगालमधले सेरामपूर, साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकल्या. मिशनरी विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते याच सेरामपूरच्या छापखान्यात. कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, डॅनिश झेंड्याने दिला. दूरचा मुलूख विकून खर्च आवरणाऱ्या या छोट्या राज्याने वेशीबाहेर दिव्यांची बाग उभी राहू दिली, हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहिले की त्या दरबाराची स्थिती कळते. साम्राज्याची उमेद संपत आली होती आणि घरातली माणसे सांभाळायची होती.

बागेचा आवाज ठरवला तो लुम्ब्यूने. हान्स ख्रिश्चन लुम्ब्यू हा लष्करी बँडमधला तुतारीवादक. व्हिएन्नाच्या नृत्यसंगीताने तो भारावून गेला आणि तसे संगीत आपल्याकडे करू लागला. टिव्होलीच्या वाद्यवृंदाची सूत्रे त्याने पहिल्याच हंगामापासून हाती घेतली आणि जवळजवळ तीस वर्षे सोडली नाहीत. १८४५ साली टिव्होलीच्या दुसऱ्या वाढदिवसासाठी त्याने ‘शॅम्पेन गॅलप’ रचला. बाटलीचे बूच उडाल्याच्या आवाजाने त्याची सुरुवात होते. डेन्मार्कमध्ये नव्या वर्षाचे स्वागत आजही त्या धावत्या सुरावटीने होते. लष्करी बँडमधून आलेला माणूस एका देशाच्या आनंदाची चाल बांधून गेला.

दुसरा माणूस फोल्करसन. इटालियन नटांच्या फिरत्या मंडळ्यांनी डेन्मार्कमध्ये मूकनाट्य आणले होते. त्यातली पात्रे ठरलेली: चपळ हार्लेक्विन, त्याची लाडकी कोलंबिना, तिचा कंजूष बाप कासांदर आणि बापाचा नोकर पिएरो. पांढरा झगा, पांढरा चेहरा आणि लाल ओठ. टिव्होलीत १८४३ साली पिएरोचा झगा अंगावर चढवला तो तेवीस वर्षांच्या निल्स हेन्रिक फोल्करसनने आणि जवळजवळ पन्नास वर्षे तो उतरवला नाही. मूळ इटालियन-फ्रेंच परंपरेतला पिएरो प्रेमभंगाने झुरणारा. फोल्करसनचा पिएरो खादाड, आळशी, भित्रा आणि मनाने साफ. पोरांनी त्याला आपला मानले. प्रयोग संपल्यावर ती ओरडून त्याला ‘काहीतरी बोल’ म्हणत आणि खेळभर मुका राहिलेला पिएरो पुढे येऊन दोन शब्द बोले. ती प्रथा आजही आहे. ज्यांनी लहानपणी त्याला हाका मारल्या, त्यांनी आपल्या नातवंडांना घेऊन येऊन त्याच माणसाला हाका मारलेल्या पाहिल्या. एका नटाने एका जागी एवढा काळ एकच भूमिका केल्याची फारशी उदाहरणे मला माहीत नाहीत. त्याचा पुतळा बागेत आहे, आणि मला वाटते बागेतल्या सगळ्या पुतळ्यांत त्याच्यावर लोकांचा हक्क सर्वांत जास्त आहे.

१८४४ साली मुलांचे एक संचलन पथक निघाले. राजाच्या रक्षकांसारखे लाल कोट, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, ढोल आणि बासऱ्या. हे ‘टिव्होली गार्ड’ अजून चालू आहे, आता मुलीही त्यात असतात. अनेक डॅनिश वादकांचे पहिले शिक्षण याच पथकात झाले आहे.

आता कसोटीकडे येतो.

टिव्होली उन्हाळ्यापुरते चालायचे. डॅनिश हिवाळा लांब आणि काळोखा, तेव्हा शहराच्या आतच बंदिस्त टिव्होली का असू नये, असे कार्स्टेन्सेनच्या डोक्यात आले. त्यातून १८४७ साली राजवाड्यापासून जवळच्या रस्त्यावर ‘कॅसिनो’ ही वास्तू उभी राहिली. नाव कॅसिनो असले तरी जुगाराचा अड्डा नव्हे, मोठी दालने असलेले नाचगाण्याचे आणि जलशांचे ठिकाण. कोपनहेगनमध्ये एवढी माणसे एका छपराखाली जमू शकतील असे दुसरे सार्वजनिक सभागृह जवळपास नव्हते.

जानेवारी १८४८ मध्ये ख्रिश्चन आठवा वारला. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली. मार्चमध्ये दक्षिणेच्या श्लेस्विग आणि होल्स्टाइन या परगण्यांत जर्मन बाजूच्या लोकांनी वेगळे होण्याची भाषा सुरू केली आणि कोपनहेगन पेटून उठले. सभा भरवायची होती. जागा कुठली? कॅसिनो. २० मार्चच्या संध्याकाळी दालने खचाखच भरली. ऑर्ला लेमान या उदारमतवादी पुढाऱ्याने लिहिलेले निवेदन संमत झाले. जनतेला निराशेपोटी स्वतःच्या हाताने न्याय मिळवायला लावू नका, असा त्यात राजाला स्पष्ट इशारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारोंचा मोर्चा राजवाड्यावर गेला, तेव्हा नव्या राजाने, सातव्या फ्रेडरिकने, जुन्या मंत्र्यांना आधीच घरी पाठवले होते. जवळजवळ दोन शतकांची अनिर्बंध सत्ता रक्त न सांडता संपली. ५ जून १८४९ रोजी देशाला राज्यघटना मिळाली.

करमणुकीत रमलेले लोक राजकारण विसरतात, असे सांगणाऱ्या माणसानेच बांधलेल्या करमणुकीच्या दालनात लोकांनी राजसत्तेला हात घातला. कार्स्टेन्सेनने राजाला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याचाही त्या युक्तिवादावर विश्वास असावा. पण माणसे एकत्र जमवली, त्यांना एकाच फाटकातून आत घेतले, शेजारी शेजारी बसवले की ती एकमेकांना ओळखू लागतात. पाच उन्हाळे टिव्होलीत एकत्र फिरलेल्या शहराला मार्च महिन्यात एका छपराखाली जमणे परके वाटले नाही. एवढा संबंध मी नक्की जोडतो.

कार्स्टेन्सेनच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. सढळ हाताने खर्च करण्याच्या त्याच्या सवयीमुळे भागधारकांशी खटके उडत होते. १८४८ सालीच श्लेस्विग-होल्स्टाइनवरून युद्ध सुरू झाले, तो सैन्यात गेला आणि त्याच वर्षी टिव्होलीची सूत्रे त्याच्या हातून काढून घेतली गेली. तो अटलांटिक ओलांडून गेला. न्यूयॉर्कमध्ये १८५३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जो क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, त्याच्या दोघा वास्तुरचनाकारांपैकी एक हाच. परत येऊन त्याने कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये ‘अलहंब्रा’ नावाची नवी बाग आखली आणि ती उघडण्याच्या काही महिने आधी, जानेवारी १८५७ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी गेला. अलहंब्रा फार वर्षे टिकली नाही. न्यूयॉर्कचा काचमहाल १८५८ साली आगीत संपला. राहिली ती पाच वर्षांच्या परवान्यावरची, लाकडाची, युद्धात पाडायची म्हणून बांधलेली बाग.

ती राहिली कारण तिच्याभोवतीचे तट गेले. १८५३ साली कोपनहेगनमध्ये कॉलऱ्याने पावणेपाच हजारांच्या आसपास माणसे मारली आणि कोंडलेले शहर मोकळे करणे टाळता येणार नाही हे साऱ्यांना कळले. वेशी काढल्या, तट उतरवले, शहर चारी बाजूंनी बाहेर सांडले. वेशीबाहेरची बाग बघता बघता मध्यभागी आली. एका अंगाला १९०५ साली नवे नगरभवन उभे राहिले, दुसऱ्या अंगाला १९११ साली मुख्य रेल्वे स्थानक. एवढी मोक्याची जमीन कुठल्याही शहरात वाचत नाही. इथे वाचली, कारण तोवर शहरात टिव्होली नसलेले बालपण कुणाचेच उरले नव्हते.

या मधल्या काळात बागेला सांभाळणारी माणसेही चांगली मिळाली. बेर्नहार्ड ओल्सेन हा १८६८ पासून अठरा वर्षे टिव्होलीचा संचालक होता, आणि डेन्मार्कचे लोकजीवन संग्रहालय उभारणारा हाच गृहस्थ. शेतकऱ्यांची घरे, कपडे, भांडी जपण्यासारखी असतात हे त्याने देशाला शिकवले. त्याच्या कारकिर्दीत, १८७४ साली, वास्तुरचनाकार विल्हेल्म डालरुपने पिएरोसाठी चिनी धाटणीचे मूकनाट्यगृह बांधले. पडदा म्हणजे एक प्रचंड मोर, आणि खेळ सुरू होताना त्याचा पिसारा दोन्हीकडे मिटत जातो. प्रेक्षक उघड्यावर उभे राहतात, वेगळे तिकीट नाही. रंगमंचावर चिनी अक्षरांत लिहिले आहे की आनंद लोकांसह भोगावा. हा चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसचा उपदेश आहे. आपल्या उद्यानात उभ्या असलेल्या राजाला त्याने सांगितले होते की जुन्या राजांना त्यांच्या बागांचे सुख लाभले, कारण प्रजेचाही त्यांत वाटा होता.

१९१४ ची लाकडी घसरगाडी अजून धावते. गाडीत मध्ये एक ब्रेकवाला बसतो, उताराला वेग किती द्यायचा आणि वळणाला किती आवरायचा हे तो हाताने ठरवतो. यंत्राने सगळे ठरवण्याच्या काळात हे पद त्यांनी राखले आहे.

९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. काही तासांत सरकार नमले. शहरावर रात्रीच्या अंधाराची सक्ती आली. दिव्यांवर जगणाऱ्या बागेला ही फाशीच होती. १९४१ साली टिव्होलीने पॉल हेनिंगसेनला मुख्य वास्तुरचनाकार म्हणून घेतले. दिवे हा त्याचा आयुष्यभराचा विषय. उजेड खाली वाटेवर पडेल पण आकाशातून विमानाला दिसणार नाही, असे दिवे त्याने घडवले आणि बाग मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवली. हेनिंगसेन गीतेही लिहीत असे. १९४० साली त्याने एका रंगमंचीय कार्यक्रमासाठी लिहिलेले गीत वरवर प्रेमातल्या बंधनांवर होते, ऐकणाऱ्याला मात्र ते कोणत्या बंधनांवर आहे ते कळत होते.

१५ ऑगस्ट १९४३ रोजी टिव्होलीला शंभर वर्षे झाली. देश परक्यांच्या ताब्यात असताना बागेने शताब्दी साजरी केली. फुग्यांच्या आकाराच्या पाळण्यांचे मोठे चक्र बसवले आणि उद्यानकार जी. एन. ब्रांटने फुलांची नवी बाग आखली. पुढच्या पंधरवड्यात चित्र पालटले. संप आणि घातपात वाढत गेले, आणि २९ ऑगस्टला जर्मनांनी लष्करी कायदा पुकारला. डॅनिश सरकार पायउतार झाले. ऑक्टोबरमध्ये ज्यूंची धरपकड सुरू झाली तेव्हा सामान्य डॅनिश लोकांनी सात हजारांवर ज्यूंना रात्रीतून होड्यांनी स्वीडनला पोचवले. हेनिंगसेनही त्याच सुमारास वल्ह्याच्या होडीतून समुद्रधुनी ओलांडून गेला.

१९४४ च्या जूनमध्ये प्रतिकार चळवळीने शहरातले आणि जवळपासचे मोठे कारखाने उडवले. जर्मनांना याचा सूड घ्यायचा होता. तोवर त्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॅनिश नाझींनी सुडाची एक रीत बसवली होती. प्रतिकारकांनी जर्मनांच्या उपयोगाचे काही उडवले, तर यांनी डॅनिश लोकांच्या जिव्हाळ्याचे काही उडवायचे. शालबर्ग कोअर या डॅनिश नाझींच्या तुकडीचे नाव अशा घातपातांना चिकटले होते. २५ जूनच्या पहाटे टिव्होलीत स्फोट झाले. १९०२ सालचे संगीतगृह आणि काचेचे नाट्यगृह जळून खाक झाले. लाकडी बाग होती, पेटायला वेळ लागला नाही.

लष्करी उपयोगाचे तिथे काहीच नव्हते. म्हणूनच ही निवड बोलकी आहे. १८४३ साली राजाला वाटले होते की बाग लोकांना राजकारणापासून दूर नेईल. १०१ वर्षांनी सत्ताधाऱ्यांच्या हस्तकांनी ओळखले की या शहराच्या वर्मी घाव घालायचा तर किल्ला, बंदर, नगरभवन यांच्याइतकीच ही बाग उपयोगाची आहे. त्यांनी तिला दिलेला तो मान होता, मग त्यांच्या मनात काहीही असो.

त्या पाठोपाठ जर्मनांनी रात्री आठ ते पहाटे पाच अशी संचारबंदी लावली. जून महिना, कोपनहेगनला रात्री दहापर्यंत उजेड. ते दिवस एरवी तळ्याकाठी, बागांत, समुद्रावर काढायचे. दुसऱ्या दिवशी ‘बुर्मायस्टर अँड वाइन’ या मोठ्या गोदीतले कामगार भर दुपारी हत्यारे खाली ठेवून घरी निघाले. त्यांनी जर्मन प्रतिनिधीला कळवले की हा संप नाही. संध्याकाळी बाहेर पडता येत नसेल तर शहराबाहेरच्या आमच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी कधी घालायचे? ते घालायला लवकर जातो आहोत. हे लोण कारखान्याकारखान्यांत पसरले. रात्री वेस्टरब्रो या वस्तीच्या गल्ल्यांत होळ्या पेटल्या, लोक संचारबंदी मोडून रस्त्यावर उतरले, शिपायांनी गोळ्या चालवल्या. २९ जूनला आठ प्रतिकारकांना ठार केल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळे शहर बंद पडले. जर्मनांनी पाणी, वीज, गॅस तोडले आणि शहराला वेढा घातला. लोकांनी तळ्यांतून पाणी भरले, अंगणांत चुली मांडल्या. शंभरच्या आसपास माणसे मारली गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मन नमले, संचारबंदी उठली आणि शालबर्ग तुकडीला रस्त्यांवरून मागे घ्यावे लागले.

या संपाचे श्रेय टिव्होलीच्या आगीला देणे अतिशयोक्तीचे होईल. संचारबंदी आणि चार वर्षांचा संताप ही त्याची खरी कारणे. पण एका शहराने आपली संध्याकाळ परत मिळवण्यासाठी जीव पणाला लावला, आणि त्या संध्याकाळचे सर्वांत ओळखीचे ठिकाण त्याच आठवड्यात जाळले गेले होते, हे दोन्ही एकत्रच सांगावे लागते.

काही आठवड्यांतच टिव्होली पुन्हा उघडले. जळलेल्या जागी तात्पुरते मंडप घातले होते, आणि तात्पुरते बांधण्याचा अनुभव या बागेइतका कुणालाच नव्हता. हेनिंगसेन युद्धानंतर परतला. त्याने काचेचे नाट्यगृह पुन्हा उभारले, आणि १९४९ साली तळ्याकाठी त्याचे सर्पिल दिवे लागले. आता वरून दिसण्याची भीती नव्हती, तरी उजेड डोळ्यांत जाऊ नये ही काळजी त्याने तशीच ठेवली. नवे संगीतगृह १९५६ साली पुरे झाले. त्याआधी, १९५१ साली, अमेरिकेहून आलेला वॉल्ट डिस्ने बागेत वही घेऊन फिरला होता. फुलांचे वाफे, बाकांची जागा, खाण्याची दुकाने, दिवे यांच्या नोंदी तो करत होता, असे त्याच्या सोबत्याने सांगितले आहे. चार वर्षांनी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. तिथून जगभर गेलेल्या करमणूक उद्यानांच्या वंशावळीत टिव्होली मूळपुरुषांपैकी एक आहे. १९९४ पासून टिव्होली नाताळातही उघडते, म्हणजे कार्स्टेन्सेनला हवे होते ते हिवाळी टिव्होली दीडशे वर्षांनी मूळ जागेवरच झाले.

आणि राजघराण्याचे काय? मूकनाट्यगृहातल्या ‘लव्ह इन द डस्टबिन’ या अँडरसनच्या कथेवरच्या बॅलेसाठी २००१ साली वेश आणि नेपथ्य तयार केले ते राणी मार्ग्रेथे दुसरीने. पुढे ‘नटक्रॅकर’साठी आणि अँडरसनच्या इतर कथांवरच्या खेळांसाठीही तिने हे काम केले. आखणी कागदावर करून देणे एवढ्यावर ती थांबत नसे. शिवणघरात येऊन कापड पाही, तालमीला बसे, नटांच्या अंगावर वेश कसा बसतो ते तपासून बदल सांगे. ख्रिश्चन आठव्याच्या गादीवर ती ५२ वर्षे होती, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव नर्तक, वादक आणि प्रकाशयोजनाकारांच्या ओळीतच छापले जाई.